काढ्याची नोंद

(उल्हासनगर कॅम्प नं. ३ येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छातीच्या डॉक्टरला भाषणाला बोलावलं की तो विडी-सिगारेट, क्षय किंवा प्रदूषण यांतलं काहीतरी घेऊन येणार, हे संयोजकांनी धरलेलंच असतं. प्रदूषणासाठी तर या गावात प्रस्तावनाही लागत नाही. वालधुनी नदीच्या बाजूची खिडकी उघडली की भागतं. पण मी आज दुसरा विषय मागून घेतला. झाडपाल्याच्या औषधांनी फुप्फुसाला होणारी इजा, आणि त्याच ओघात अंगात दबून बसलेले विषाणू पुन्हा डोकं वर काढतात ती गोष्ट. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गृहस्थ शिक्षक होते, आणि पाहुण्याने सोपा विषय घेऊन सुटका करून घेतलेली त्यांना खपत नसे, असं मला इथल्या मंडळींनी आधीच बजावलं होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. काढा, चूर्ण, रस, पुडी यांत गुण असेल तर अवगुणही असू शकतो. तो अवगुण सापडायचा तर ते घेतल्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. आपल्याकडे ती होत नाही. रुग्ण सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही, विकणारा लिहीत नाही. पुढचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

दवाखान्यात केसपेपर लिहिताना एक प्रश्न ठरलेला असतो : सध्या काही औषधं चालू आहेत का? समोर साठीच्या आजीबाई, सोबत सून. आजी म्हणतात, "नाही हो. बीपीची अर्धी गोळी, तेवढीच." मी लिहून घेतो आणि पुन्हा विचारतो, "काढा, चूर्ण, रस, असं काही?" आजी सुनेकडे बघतात. सून म्हणते, "गुळवेलीचा काढा घेतात की रोज, अनशापोटी. पण ते औषध नाही ना डॉक्टर. घरचंच आहे." बॅरेकमधल्या सिंधी घरातली माणसं हेच हिंदीत सांगतात, बदलापूर-अंबरनाथची मराठीत, मजकूर तोच. यात कुणी खोटं बोलत नाही. आमचा प्रश्नच असा की त्याच्या उत्तरात काढा बसत नाही. केसपेपरावर त्याला रकानाच नाही.

तो रकाना नसल्याने काय होतं, याचं आपल्या जवळचं आणि कागदावर नीट उतरलेलं उदाहरण मुंबईचं आहे. इजा फुप्फुसाची नव्हती, यकृताची होती, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. 2020 साल. कोविडच्या भीतीने घराघरांत काढे उकळत होते. दालचिनी, सुंठ, मिरी, तुळस आणि जमेल तिथे गुळवेल. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावीळ झालेले सहा रुग्ण पाहिले. नेहमीच्या हिपॅटायटिसच्या विषाणूंवर बोट ठेवता येईना. खोदून विचारल्यावर एक गोष्ट सगळ्यांत समान निघाली : गुळवेल. यकृताचा तुकडा तपासला तेव्हा चित्र दिसलं ते शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याचं. त्यांतली एक महिला दगावली. 2021 मध्ये हे सहाही रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून असे 43 रुग्ण मांडले. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेलेला होता, आणि त्यांतल्या अनेकांना यकृताचा जुना आजार आधीपासून होता.

आयुष मंत्रालयाने 2021 च्या जुलैमध्येच या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीत नेमकं काय होतं ते तपासलेलं नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असते, गाठी-गाठींच्या खोडाची, ती घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर पुष्कळ धुरळा उडाला. एका बाजूला आयुर्वेदाची बदनामी, दुसऱ्या बाजूला आयुर्वेद म्हणजे थोतांड. मला स्वतःला मंत्रालयाची शंका रास्त वाटते. कुठली वेल होती? किती जाडीची काडी, किती उकळलेली, किती दिवस? पण ही शंका घ्यावी लागली, कारण घेतानाच कुणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. भांडण आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी असं रंगवलं गेलं. कुणी काय घेतलं याची वही नव्हती, ही त्यातली खरी अडचण तशीच राहून गेली.

आणि ज्यांना वाटतं की गुळवेलीकडे आधुनिक वैद्यकाने कधी धड पाहिलंच नाही, त्यांनी परळला जावं. केईएम रुग्णालयात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी या वेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. मराठी वाचक त्यांना 'फुलवा'च्या लेखिका म्हणून ओळखतात. औषधशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी जे केलं ते त्याहून मोठं आहे असं माझं मत. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया तेव्हा फार जोखमीची असे. जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणसं जात. डॉ. निर्मला रेगे, शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट आणि डॉ. डहाणूकर यांच्या गटाने असे 30 रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली. मात्रा वजनाप्रमाणे ठरवलेली. 1993 मध्ये निकाल छापून आला : गुळवेल न घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला, घेतलेल्या गटात एकालाही नाही. तीसच रुग्ण, तेव्हा यावर इमले बांधू नयेत. पण गुळवेल प्रतिकारयंत्रणेला हलवते याचा तो पुरावा होताच.

आता ही दोन टोकं जोडून पाहा. केईएममध्ये ज्या गुणाने माणसं वाचली असावीत, तोच गुण 2020 मध्ये काहींच्या यकृतावर उलटला असावा. प्रतिकारयंत्रणा चेतवायची म्हटली की ती कुणाच्या अंगात, कुठल्या आजारात, किती दिवस, हे विचारावंच लागतं. जुन्या वैद्यांना यात नवल वाटलं नसतं. मात्रा, काळ, अनुपान आणि प्रकृती पाहिल्याशिवाय ते पुडी बांधत नसत. मोबाइलवरच्या निरोपाने ते सगळं गाळलं आणि वेलीचं नाव तेवढं ठेवलं. इकडे आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांच्या एका गटाला त्या काळात मोठमोठ्या कंपन्यांकडून साडेतीनशे टन गुळवेलीच्या मागण्या आल्या, दीड कोटीच्या वर रकमेच्या. त्या पोरांच्या हाताला काम मिळालं याचा मला आनंदच आहे. साडेतीनशे टन वेल देशाच्या पोटात जाते, तेव्हा त्यामागे काही मोजदाद असायला नको का, एवढंच विचारतो.

आता फुप्फुसाकडे येतो, आणि त्यासाठी जपानला जावं लागेल.

जपानमध्ये चिनी परंपरेतून आलेल्या वनौषधींना काम्पो म्हणतात. त्यांतलं एक फार वापरातलं मिश्रण म्हणजे शो-साइको-तो. मूळ पाठ चीनमधल्या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला. घटक सात. त्यांतले तीन तर आपल्या घरातलेच : आलं, ज्येष्ठमध आणि बोराच्या जातीचं फळ. चौथा जिनसेंग. उरलेल्या तिन्हींत स्कुटेलारिया नावाच्या वनस्पतीचं मूळ आहे, त्याकडे नंतर येतो. जुन्या हिपॅटायटिसवर, विशेषतः सी प्रकारावर, 1990 च्या आसपास जपानी डॉक्टर हे औषध सर्रास लिहून देत. ओसाकाला सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर होऊन आक्रसलेल्या, 260 रुग्णांवर पाच वर्षं चाचणी झाली आणि 1995 मध्ये छापून आलं की हे घेणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी होण्याकडे कल दिसतो. म्हणजे औषधाच्या बाजूने चांगला पुरावाही होता.

त्याच सुमारास दुसरी नोंद वाढत होती. हे औषध घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला आणि ताप येई, आणि चार पावलं चाललं की धाप लागे. छातीवर नळी ठेवली तर बुटाची वेल्क्रोपट्टी हळू उकलावी तसा चरचर आवाज. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर धुरकट पांढरेपणा. न्यूमोनिया म्हणावा तर जंतू सापडत नाही, प्रतिजैविकांनी उतार पडत नाही. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांमधल्या पातळ भिंतींनाच सूज आलेली असते. प्राणवायू त्या भिंतीतून रक्तात जातो, म्हणून भिंत जाड झाली की माणूस हवेत बसूनही गुदमरतो. पहिला रुग्ण 1989 मध्ये नोंदला गेला. 1994 मध्ये हिपॅटायटिसवरच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांबरोबर हे औषध देऊ नये असा आदेश निघाला. आणि 1996 च्या मार्चमध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने देशभरच्या डॉक्टरांना तातडीचं सुरक्षापत्र धाडलं. अशी पत्रं तिकडे पिवळ्या कागदावर छापतात. 1994 पासून 88 रुग्णांच्या फुप्फुसाला इजा, त्यांतले 10 मृत्यू. पुढे सिरॉसिस आणि यकृताचा कर्करोग असलेल्यांना हे औषध देणंच बंद केलं.

संशय मुख्यतः त्या स्कुटेलारियाच्या मुळावर आहे, कारण ते असलेल्या इतर काम्पो मिश्रणांनीही असाच त्रास झालेला दिसतो. संशय म्हणतोय, सिद्ध म्हणत नाही. रक्तातल्या पेशी औषधाने चाळवतात का हे पाहण्याची एक तपासणी जपानी डॉक्टर वापरतात, पण वनौषधींच्या बाबतीत ती फसवी ठरते. त्या वनस्पती निरोगी माणसाच्या पेशींनाही चाळवतात. शेवटी निदान उरतं ते तारखांवर. औषध कधी सुरू केलं, खोकला कधी लागला, बंद केल्यावर काय झालं.

जपानला हे दिसलं ते का? जपानी वनस्पती काही जास्त विषारी नव्हत्या. हेही खरं की औषधांनी फुप्फुस बिघडण्याचं प्रमाण जपानी लोकांत एकंदरीतच जास्त आढळतं. कर्करोगावरच्या गेफिटिनिब गोळीच्या वेळी 2002 मध्ये तेच दिसलं. तेव्हा तिकडचा आकडा उचलून इकडे चिकटवण्यात अर्थ नाही. पण 88 हा आकडा निघू तरी शकला तो वेगळ्या कारणाने. 1976 पासून काम्पो औषधं जपानच्या सरकारी आरोग्यविम्यात मोठ्या प्रमाणावर आली. आज अशी 148 मिश्रणं विम्यात आहेत. आधुनिक वैद्यक शिकलेला डॉक्टरच ती लिहून देतो. कारखान्यात ठरलेल्या प्रमाणात बनलेली पुडी, तिच्यावर नंबर. त्सुमुरा कंपनीच्या शो-साइको-तोचा नंबर 9. रुग्ण खोकत आला की डॉक्टरच्या समोर कागद असतो : नऊ नंबर, अमुक तारखेपासून. आपल्या आजीबाईंच्या काढ्याला ना नंबर, ना तारीख. त्यांना असा त्रास झाला तर तो 'वयोमानानुसार न्यूमोनिया' म्हणून मिटून जाईल. गुळवेलीने फुप्फुस बिघडतं असा दावा मी करत नाही, कृपया उद्या तसा निरोप फिरवू नका. बिघडलंच तर ते आपल्या ध्यानात येईल अशी सोय आपल्याकडे नाही, एवढं मात्र ठामपणे म्हणतो.

विषाणू जागे होण्याचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, पण त्याची ओळख तुम्हाला आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात. विषाणू मात्र जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, आणि साठीत कधी अंगातली ताकद घटली की कमरेला पट्टा धरून वर येतो. त्याला आपण नागीण म्हणतो. (नागिणीची तोंडं जुळली की माणूस मरतो ही समजूत अजून या शहरात आहे, मरत नाही, एवढं जाता जाता सांगतो.) असे दडून बसणारे विषाणू बरेच आहेत. एचएचव्ही-6 नावाचा एक आहे, तो आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला वयाच्या दोन-तीन वर्षांच्या आत भेटून गेलेला असतो. बाळाला तीन दिवस सणसणीत ताप येतो, ताप उतरला की अंगावर गुलाबी पुरळ उठतं, आई घाबरते, दोन दिवसांत सगळं शांत. विषाणू तिथेच राहतो.

आता काही औषधांची अतिशय उग्र ॲलर्जी असते. गोळी घेतल्याबरोबर येणारी गांधी नव्हे. ही सुरू होते औषध चालू केल्यावर तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गळ्यात गाठी, रक्तात एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशींची भरती, यकृताला सूज आणि काही जणांत फुप्फुसालाही. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, युरिक ॲसिडवरची ॲलोप्युरिनॉल ही नेहमीची कारणं. यादीत आधुनिक औषधंच वर आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. पण आशियातल्या रुग्णालयांनी मांडलेल्या यादीत वनौषधी मिश्रणंही आहेत. या आजारात एक कोडं होतं. औषध बंद केलं तरी रुग्ण बरा होता होता पुन्हा बिघडे. 1997-98 मध्ये जपानी आणि फ्रेंच डॉक्टरांनी वेगवेगळं दाखवून दिलं की या रुग्णांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर एचएचव्ही-6 जागा झालेला असतो. त्याच्यामागून कधी ईबीव्ही, कधी सायटोमेगॅलो, हे असेच दडून बसणारे दुसरे विषाणू. जपानी डॉक्टरांनी तर हे जागं होणं आजाराच्या निदानाच्या कसोटीतच घातलं. इथे डॉक्टरची पंचाईत होते. सूज आवरायला स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि स्टेरॉइडने विषाणूंना मोकळं रान मिळतं. सायटोमेगॅलो विषाणू फुप्फुसात उतरला तर आधीच धापणारा माणूस आणखी खचतो. किती द्यायचं, कधी कमी करायचं, हे रोज रक्त बघून ठरवावं लागतं.

स्टेरॉइडचं नाव निघालंच आहे, तर पुडीवाल्यांबद्दल बोलतो. दमा आणि सांधेदुखीवर 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड कुटून मिसळलेलं असतं. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि भारतात अशा पुड्यांची तपासणी झाली तेव्हा ते सापडलेलंही आहे. तीन दिवसांत दम बसतो, गुडघे चालू लागतात, माणूस शेजाऱ्यालाही पत्ता देतो. सहा महिन्यांनी चेहरा वाटोळा होतो, साखर चढते, कातडी कागदासारखी पातळ. मग अंगात निजलेला हिपॅटायटिस बी उठतो, किंवा क्षय. क्षयाचा जंतू काही विषाणू नव्हे, पण दडी मारून बसण्यात तो त्यांचा गुरू आहे. आणि पुडी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून माणूस अतिदक्षता विभागात जातो. इथे दोष वनस्पतीचा नाही, तिच्या नावाखाली केलेल्या फसवणुकीचा आहे. पण पुडीच्या आत काय आहे हे कागदावर नसल्यामुळेच ही फसवणूक चालते.

तैवानची हकीकत सांगतो. फुप्फुसाच्या बाबतीत ती सगळ्यांत वाईट आहे. सॉरोपस नावाचं एक झुडूप आहे. मलेशिया-इंडोनेशियात त्याची कोवळी पानं भाजी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खातात. केरळ-तमिळनाडूत परसात लावतात, आणि आपल्या नर्सऱ्यांत 'मल्टिव्हिटॅमिन प्लांट' म्हणून कुंडीत विकायला असतं. 1994-95 मध्ये तैवानमध्ये टूम निघाली की या पानांचा कच्चा रस प्यायला की वजन उतरतं. बायका पेरू-अननसाच्या रसात ढवळून रोज दीडशे ग्रॅमपर्यंत पानांचा रस पिऊ लागल्या. काही आठवड्यांत खोकला, धाप, झोप नाही. फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्या आतून व्रण भरल्यासारख्या कायमच्या बुजल्या. स्टेरॉइडचा उपयोग झाला नाही. दोनशेहून अधिक रुग्ण, काही मृत्यू, आणि काहींना फुप्फुस बदलण्याची वेळ. हेच पान शिजवून, भाजीइतकंच खाणाऱ्या देशांत अशी साथ आली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला बदलापूर स्टेशनाबाहेर जूनमध्ये बसणाऱ्या बायका आठवल्या. मुरबाड-बारवीकडून रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन येतात. शेवळं मागितली तर जुडी हातात देण्याआधी बाई विचारते, "काकडं घेतली का?" शेवळात घशाला खाज आणणारे सुईसारखे स्फटिक असतात, काकडाच्या आंबट फळाशिवाय ती रांधायची नाहीत. नवं गिऱ्हाईक असेल तर ती वरचा दांडा कुठे मोडायचा, आतला पिवळा भाग कसा काढून टाकायचा, किती शिजवायचं हेही सांगते, आणि काकडांचे वेगळे पैसे घ्यायला विसरत नाही. वनस्पती विकताना तिच्याबरोबर सावधगिरीही विकायची, हा तिचा धंद्याचा नियम. गंमत अशी की शो-साइको-तोमधला एक कंद, पिनेलिया, शेवळाच्या आणि सुरण-अळूच्याच कुळातला आहे. कच्चा खाल्ला तर घसा धरतो, म्हणून चिनी वैद्य तो आल्याबरोबर वापरतात. हे शहाणपण सगळीकडे होतं. ते गळून पडलं ते वनस्पती बाटलीत आणि मोबाइलच्या निरोपात शिरल्यावर.

आपल्या या भागात आणखी एक पडदा आहे. इथे कुणाला खोकला झाला की कारण आधीच ठरलेलं असतं. 2014 च्या नोव्हेंबरच्या शेवटी वालधुनीत रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वास कोंडून रुग्णालयात न्यावं लागलं. ते विसरणं शक्य नाही. अंबरनाथची एमआयडीसी आहे, जीन्सच्या कारखान्यांची धुलाई आहे, रस्त्याची धूळ आहे. या सगळ्याने फुप्फुसं बिघडतात, यात वाद नाही. त्यामुळेच डॉक्टरही तिथे थांबतात. पुढचा प्रश्न, घरात काय उकळता, हा विचारलाच जात नाही. पारव्यांबद्दलही तेच, खिडकीत कबुतरांना दाणे घालणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला होणारा आजार सीटीवर पुष्कळदा औषधाने झालेल्या इजेसारखाच दिसतो. तोही विचारल्याशिवाय कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांसाठीचं प्रकरण त्यात 1964 मध्ये आलं. कारखान्यातली बाटली त्या कायद्याखाली येते; विषारी घटकांची एक अनुसूचीही आहे आणि ते घटक असतील तर वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. दुष्परिणाम कळवण्यासाठी आयुष मंत्रालयाची स्वतःची यंत्रणा 2017-18 पासून आहे, तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. आधुनिक औषधांसाठी गाझियाबादचं केंद्र आणि 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक. कळवायला फक्त डॉक्टरच लागतो असं नाही, रुग्णाच्या घरच्यांनाही कळवता येतं. फॉर्ममध्ये औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर यांचे रकाने असतात. परसातल्या वेलीला बॅच नंबर कुठून आणायचा?

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना जे सांगतो तेच इथे सांगतो. काढा घेता तर घ्या, पण कॅलेंडरवर त्या तारखेला लिहा : काय, कुठून आणलं, कच्चं की उकळून, किती. घरात रोज लागणारं दूध आपण लिहितोच की त्याच कॅलेंडरवर. यकृताचा आजार, थायरॉइड, संधिवात, फिट्सची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर सुरू करण्याआधी विचारा, वैद्यांना विचारलं तरी चालेल, पण शिकलेल्या वैद्यांना. सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे, ताप आणि पुरळ यांतलं काही झालं तर आधी ते थांबवा आणि दवाखान्यात या. पण पुडीने दम झटपट बसत असेल, तर ती स्वतःहून एकदम थांबवू नका; पुडीसकट या. डॉक्टर मित्रांना विनंती एवढीच की 'औषध' न म्हणता विचारा. चहात काय घालता? सकाळी अनशापोटी काय घेता? कुणी पुडी दिली आहे का? ओरडू मात्र नका. एकदा ओरडलात की पुढच्या खेपेला आजी काहीच सांगणार नाहीत.

आणि येताना वनस्पती घेऊन या. नुसत्या पुडीवरून किंवा वाळक्या काडीवरून ओळख पटवणं फार कठीण असतं. पानासकट फांदी, जमलं तर फूल किंवा फळ, जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवलेलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 1906 पासूनचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे हजारो वाळवलेले नमुने तिथे जपून ठेवलेत. आपली वेल गुळवेल आहे की तिची गाठाळ बहीण, हे तशा ठिकाणची जाणती माणसं सांगू शकतात. आयुष मंत्रालयाच्या शंकेला उत्तरही त्यातूनच मिळेल.

आता प्रश्नांना वेळ ठेवला आहे. मागच्या रांगेतल्या काकू मघापासून पिशवीतून एक डबी काढून परत ठेवतायत, ते मी पाहतोय. आणा ती इकडे. फक्त कुठून आणली आणि कधीपासून घेता, ते आधी सांगा.